ओझरचे विमान : उड्डाण पाऊण तासाचे, प्रवास चार तासांचा!

नाशिकच्या ओझर विमानतळापासून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाचे हवाई अंतर सुमारे १५८ किलोमीटर आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ १७० किलोमीटरवर, अहमदाबाद सुमारे ३५० किलोमीटरवर, नागपूर ५४५, हैदराबाद ५७०, बंगळूर ८६५, तर दिल्ली ९९० किलोमीटरवर आहे. दोन विमानतळांची नावे टंकित केली की संगणकाच्या पडद्यावर ही आकडेवारी क्षणात उमटते आणि सोबत उड्डाणाचा कालावधीही कळतो. मुंबईला पाऊण तास, दिल्लीला दोन तास. हे आकडे चुकीचे नाहीत. तथापि, त्यांच्या भरवशावर प्रवाशाने आपल्या दिवसाचे आणि शासनाने विमानसेवेचे नियोजन केले, तर दोघांचीही फसगत होते. नाशिकच्या गेल्या दशकातील विमानसेवेकडे पाहिले तर याचा प्रत्यय येतो.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने ओझर विमानतळाचा विषय पुन्हा ऐरणीवर आला आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी, असे वेळापत्रक जून २०२५ मध्ये जाहीर झाले. त्या अनुषंगाने धावपट्टी, विमानतळाची क्षमता, नव्या शहरांशी जोडणी यांची चर्चा सुरू झाली. मागण्यांच्या यादीत 'नाशिकहून मुंबई व पुण्याला विमान हवे' ही मागणी नेहमीप्रमाणे असतेच. ती कितपत सयुक्तिक आहे, हे तपासण्यासाठी दोन विमानतळांमधील अंतर बाजूला ठेवून नाशिकमधील एखाद्या वसाहतीच्या दारापासून हिशेब मांडला पाहिजे. त्यासाठी इंदिरानगरचे उदाहरण घेऊ.

मुंबईला जायचे, पण आधी आग्र्याच्या दिशेने

इंदिरानगर ही नाशिकच्या दक्षिण भागातील, मुंबई-आग्रा महामार्गालगतची मध्यमवर्गीय वस्ती. नोकरदार, निवृत्त कर्मचारी, लहान व्यावसायिक आणि ज्यांची मुले पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे स्थिरावली आहेत अशी असंख्य कुटुंबे येथे राहतात. विमानसेवेचा खरा ग्राहक तो हाच. आता नकाशा पाहा. मुंबई नाशिकच्या नैर्ऋत्येला आहे, तर ओझर ईशान्येला. इंदिरानगरपासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटर भरतो. म्हणजे मुंबईचे विमान पकडण्यासाठी इंदिरानगरच्या रहिवाशाने आधी मुंबईकडे पाठ फिरवून सुमारे २५ किलोमीटर आग्र्याच्या दिशेने जायचे आणि तेथून १५८ किलोमीटर उडत परत यायचे. 'द्राविडी प्राणायाम' यालाच म्हणतात.

हे २५ किलोमीटरही सहज पार पडत नाहीत. इंदिरानगरचा बोगदा आणि द्वारका चौक ही गर्दीच्या वेळी वाहनचालकाच्या सहनशक्तीची परीक्षा पाहणारी ठिकाणे. शहरातून जाणारा उड्डाणपूल २०१३ मध्ये खुला झाल्यापासून महामार्गावरून सरळ जाणाऱ्यांची सोय झाली. परंतु वस्तीतून पुलापर्यंत पोहोचण्याचा त्रास टळला नाही. पुढे आडगाव मागे टाकून 'दहावा मैल' गाठायचा आणि तेथून जानोरीच्या बाजूला असलेल्या प्रवासी इमारतीकडे वळायचे. जागांना नाशिकपासूनच्या मैलांवरून नावे देणाऱ्या जुन्या पिढीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती म्हणजे अंतर नेहमी आपल्या गावापासून मोजायचे असते.

घर ते विमानतळ पाऊण तास धरू. विमान कंपन्यांचे नोंदणीकक्ष सामान्यतः उड्डाणापूर्वी तासभर बंद होतात. तेव्हा सुरक्षा तपासणीसह किमान सव्वा तास आधी पोहोचणे भाग आहे. उड्डाणाला पाऊण ते पन्नास मिनिटे. मुंबईत उतरून, सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. तेथून फोर्ट वा नरिमन पॉइंट गाठण्यास, ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या मेट्रो ३ चा आधार घेतला तरी, चालणे व थांबणे धरून तासभर. एकूण बेरीज सव्वाचार तासांच्या घरात जाते. त्यांपैकी आकाशातला वेळ पाऊण तासाचा. उरलेले साडेतीन तास जमिनीवरचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा व्यवहार आहे.

आता रेल्वे पाहू. नाशिकरोड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे लोहमार्गाचे अंतर १८७ किलोमीटर. १९७५ पासून नाशिककरांच्या सेवेत असलेली पंचवटी एक्स्प्रेस हे अंतर साडेतीन तासांच्या आसपास कापते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-शिर्डी वंदे भारत मुंबईहून नाशिकरोडला अडीच तासांहून थोड्या अधिक वेळात पोहोचते. कसारा ते इगतपुरी या थळ घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तेथे एरवी गाडीला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. वंदे भारतला त्यांची गरज भासत नाही, हा तिच्या वेगातला एक वाटा. इंदिरानगर ते नाशिकरोड स्थानक हे अंतर ओझरच्या तुलनेत कितीतरी कमी. शिवाय रेल्वे थेट दक्षिण मुंबईत नेऊन सोडते. तिकिटाच्या दरातील तफावत तर बोलूनच दाखवायला नको.

विमान सरळ रेषेत का जात नाही?

विमानाचा वेग ध्यानात घेता १५८ किलोमीटरला पाऊण तास लागतो तरी कसा, असा प्रश्न वाचकांना पडेल. एटीआर जातीचे पंखाधारी विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेग गाठते. त्या हिशेबाने वीस मिनिटे पुरेशी व्हावीत. परंतु हा वेग उंचावर स्थिरावल्यानंतरचा असतो. नाशिक-मुंबईसारख्या टप्प्यात विमान चढते आणि लगेच उतरू लागते. पूर्ण वेगाने उडण्याची संधी त्याला जेमतेम मिळते. विमान कंपन्या जो कालावधी जाहीर करतात तो विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, उड्डाणाची रांग, उतरण्याच्या परवानगीची प्रतीक्षा हे सारे त्यात येते आणि संभाव्य विलंबासाठी थोडी सवडही त्यात धरलेली असते.

दोन विमानतळांमधील म्हणून जे अंतर सांगितले जाते, ते पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील सर्वांत जवळच्या रेषेचे. प्रत्यक्ष विमान आखून दिलेल्या हवाई मार्गांनी, लष्करी क्षेत्रे टाळत आणि नियंत्रण कक्षाच्या सूचनेनुसार वळणे घेत जाते. मुंबईच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. अशा विमानतळावर दोनशे प्रवाशांच्या विमानाला जेवढी वेळेची जागा लागते, जवळजवळ तेवढीच अठरा प्रवाशांच्या विमानालाही लागते. मग विमानतळाने व कंपन्यांनी ती जागा नाशिकला द्यावी की दिल्ली, दुबईला, याचे उत्तर बाजारपेठ देऊन मोकळी होते. छोट्या शहरांच्या मुंबई-विमानांना सोयीच्या वेळा मिळत नाहीत, याचे मूळ येथे आहे. नवी मुंबईचा विमानतळ ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरअखेर सुरू झाला, त्यामुळे ही कोंडी काहीशी सैल होईल. मात्र, जमिनीवरचे साडेतीन तास त्यामुळे कमी होत नाहीत.

आले किती, गेले किती

ओझरची धावपट्टी मुळात प्रवाशांसाठी बांधलेली नाही. हिंदुस्थान एरॉनॉटिक्सने १९६४ मध्ये येथे मिग विमानांच्या निर्मितीसाठी कारखाना उभारला. पुढे सुखोई-३० येथेच जोडली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांच्या उपस्थितीत तेजस मार्क-१ए या लढाऊ विमानाने येथूनच झेप घेतली. लढाऊ विमानांसाठी केलेली तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी प्रवासी जेट विमानांनाही पुरते, हा नाशिकचा भाग्ययोगच म्हणावा लागेल. राज्य शासनाने बांधलेली प्रवासी इमारत २०१४ मध्ये तयार झाली. धावपट्टी आहे, इमारत आहे, पण विमान नाही, अशी स्थिती त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ राहिली.

केंद्राच्या 'उडान' योजनेने ही कोंडी फोडली. एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली विमानाने या योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे ५०० किलोमीटर अथवा तासभराच्या प्रवासाला काही आसनांसाठी अडीच हजार रुपयांची भाडेमर्यादा आणि त्यामुळे कंपनीला येणारी तूट तीन वर्षे शासनाने भरून देणे, हे तिचे स्वरूप. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने एकोणीस आसनी वर्गातील छोट्या विमानाने ओझरहून मुंबई आणि पुणे या सेवा सुरू केल्या. स्वागत जोरदार झाले. पण सेवा अनियमित होत गेली आणि अखेर थांबली. जून २०१८ मध्ये जेट एअरवेजचे दिल्लीचे विमान सुरू झाले. त्याला नाशिकच्या उद्योजकांचा व पर्यटकांचा चांगला प्रतिसाद लाभला; पण एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजचाच कारभार आटोपला. त्यानंतर अलायन्स एअर, ट्रुजेट, स्टार एअर, स्पाइसजेट अशा कंपन्या हैदराबाद, अहमदाबाद, पुणे, बेळगाव, दिल्ली या मार्गांवर येत-जात राहिल्या. 'उडान'ची मुदत सरल्यावर अलायन्स एअरने २०२२ मध्ये ओझरचा निरोप घेतला. मार्च २०२३ मध्ये इंडिगो कंपनी गोवा, अहमदाबाद आणि नागपूरच्या विमानांसह दाखल झाली. पुढे हैदराबाद, दिल्ली, बंगळूर यांची भर पडली.

प्रत्येक सेवा बंद पडण्यामागे वेगळे कारण होते. कोठे कंपनीची दिवाळखोरी, कोठे विमानांची टंचाई. मात्र, एक फरक नजरेआड करता येत नाही. जेटचे दिल्ली-विमान थांबले ते कंपनी बुडाल्यामुळे. त्या मार्गाची मागणी टिकून होती आणि पुढे दुसऱ्या कंपन्यांनी तो मार्ग पुन्हा घेतला. मुंबईच्या मार्गावर मात्र कोणतीही कंपनी पाय रोवून उभी राहिली नाही.

देशभरातील चित्रही याहून निराळे नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत सादर झालेल्या अहवालात 'उडान'च्या पहिल्या तीन फेऱ्यांची झडती घेतली आहे. बहाल केलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि मुदत संपल्यावर, अनुदानाचा टेकू निघाल्यावरही, मार्च २०२३ मध्ये तग धरून असलेले मार्ग होते अवघे ५४. शंभरातले सात! या अनुदानाचा भार मोठ्या शहरांमधील विमानांवर बसवलेल्या आकारातून, म्हणजे अन्य प्रवाशांच्या खिशातूनच उचलला जातो. तेव्हा कोणता मार्ग मागायचा, याचा विवेक मागणाऱ्यांनीही बाळगायला हवा.

दिल्लीचा हिशेब वेगळा

याच पद्धतीने दिल्लीचे गणित मांडले की चित्र पालटते. इंदिरानगरहून ओझर पाऊण तास, विमानतळावर सव्वा तास, उड्डाण दोन तास, बाहेर पडण्यास अर्धा तास. साडेचार तासांत नाशिककर दिल्ली विमानतळाच्या बाहेर उभा. हेच मुंबईमार्गे करायचे तर आधी मुंबई विमानतळापर्यंत साडेतीन तास रस्ता. वाहतूककोंडीच्या भीतीने हाताशी ठेवलेला आणखी एक तास. मोठ्या विमानतळावरील रांगांसाठी दीड तास. मग ११४० किलोमीटरचे सव्वादोन तासांचे उड्डाण आणि बाहेर पडण्यास अर्धा तास. बेरीज पावणेनऊ तासांची. ओझरमुळे एका फेरीत चार तासांहून अधिक वेळ वाचतो, शिवाय मुंबईपर्यंतच्या मोटारीचे भाडे वाचते. हैदराबाद आणि बंगळूरसाठीही बचत याच मापाची आहे. नागपूरला समृद्धी महामार्गाने जाण्यास सात-आठ तास मोडतात. विमानाने सर्व धरून चार-साडेचार. तेथेही विमानाचे पारडे जड.

पुण्याचे प्रकरण मात्र सीमारेषेवरचे आहे. नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्ग आजवर झाला नाही. गाडीने जायचे तर कल्याणचा किंवा मनमाड-दौंडचा वळसा. रस्त्याने सुमारे २१० किलोमीटर आणि साडेचार ते पाच तास. विमानाने हिशेब पावणेचार तासांवर येतो. तासाभराची बचत होते खरी, पण विमानाची वेळ आपल्या कामाशी जुळली तरच. शिवाय नियोजित नाशिक-पुणे जलद रेल्वे एकदाची झालीच, तर हा तासही विमानाकडे राहणार नाही.

यावरून एक ढोबळ सूत्र हाती येते. जमिनीवरचा वेळ अंतर वाढले म्हणून वाढत नाही. दिल्लीच्या आणि मुंबईच्या प्रवाशाला तो जवळपास सारखाच द्यावा लागतो. दीडशे-दोनशे किलोमीटरच्या प्रवासात तो सारी बचत गिळून टाकतो. पाचशे किलोमीटरच्या पुढे तो क्षुल्लक वाटू लागतो. जगाचा अनुभव हेच सांगतो. तैवानमध्ये २००७ साली अतिजलद रेल्वे सुरू झाली आणि तैपेई-काओशुंग ही एकेकाळची गजबजलेली विमानसेवा २०१२ पर्यंत बंद पडली. फ्रान्सने २०२३ मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. जेथे अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येते, अशा काही देशांतर्गत मार्गांवरील विमानसेवेला तेथे कायद्याने मनाई झाली. तेथे कारण पर्यावरणाचे होते. आपल्याकडे निदान वेळेचे आणि पैशाचे कारण तरी पटायला हरकत नसावी.

रस्ता जवळ आला, तरी...

समृद्धी महामार्गाने या हिशेबात नवी भर घातली आहे. इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई महामार्ग पूर्ण झाला. इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांमुळे कसारा घाटाची नागमोडी वाट टळली. इंदिरानगरच्या रहिवाशाला महामार्ग दारातच असल्याने त्याचा लाभ शहराच्या उत्तर भागापेक्षा अधिक. इगतपुरीहून आमणे पाऊण तासात येते. पण खरी कसोटी तेथून पुढे, भिवंडी आणि ठाण्यात. रस्त्याचेही विमानासारखेच झाले आहे. मधला टप्पा वेगवान, दोन्ही टोके मंद. तरीदेखील मुंबईच्या विमानाला आता रेल्वेबरोबर या रस्त्याशीही स्पर्धा करावी लागेल, हे स्पष्ट आहे.

दुसऱ्या बाजूला शिर्डीचा विमानतळ. काकडी येथील हा विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला. २०२५ पासून तेथे रात्रीची विमानेही उतरू लागली. नाशिकपासून तो सुमारे ९० किलोमीटर. साईभक्तांच्या ओघामुळे त्याला बारमाही प्रवासी मिळतात. ओझरला मिळेल ती जागा आपल्या उद्योगधंद्यांच्या, नोकरदारांच्या आणि दूरच्या शहरांत विखुरलेल्या कुटुंबांच्या बळावरच कमवावी लागेल.

आठवड्यातून किती वेळा?

अंतर आणि कालावधी सांगणाऱ्या तक्त्यांत आणखी एक गोष्ट नसते. विमान दिवसातून किती वेळा आहे, ही. दिल्लीचे विमान दोन तासांत पोहोचते, हे खरे. पण ते दिवसातून एकदाच आणि तेही भर दुपारी असेल, तर सकाळी अकराच्या बैठकीसाठी जाणाऱ्या उद्योजकाला आदल्या दिवशी निघावे लागते आणि परतायला तिसरा दिवस उजाडतो. दोन तासांचे उड्डाण त्याच्यासाठी अठ्ठेचाळीस तासांचे होते. उलट, मुंबईहून दिल्लीला पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत विमाने सुटतात. म्हणूनच ओझरहून थेट विमान असतानाही अनेक जण रात्री मोटारीने मुंबईकडे निघतात. त्यात नवल नाही.

भरवशाचा प्रश्न याहून मोठा. मुंबईत एखादे विमान रद्द झाले तर दोन तासांनी दुसरे असते. ओझरला रद्द झाले तर पर्याय एकच, मुंबई. आणि तो चार तासांवर. एकदा असा प्रसंग गुदरला की प्रवासी पुढच्या खेपेला ओझरचा विचार करीत नाही. प्रवासी घटले की कंपनी विमान कमी करते आणि विमान कमी झाले की प्रवासी आणखी घटतात. या चक्रात गेल्या आठ-नऊ वर्षांत नाशिक अनेकदा सापडले आहे.

कुंभमेळा ही संधी, पण कशाची?

सिंहस्थासाठी ओझरला जे काही होईल, त्याची कसोटी पर्वकाळ सरल्यानंतरच्या वर्षांत लागणार आहे. पर्वणीच्या दिवसांत जादा विमाने येतील, खासगी विमानांची गर्दी होईल. परंतु भाविकांचा महापूर हा रेल्वेने आणि रस्त्यानेच येतो. विमानाने येणारे त्यातले मूठभर. केवळ त्या दिवसांच्या गर्दीसाठी क्षमता उभारली, तर २०१४ नंतरची तीन वर्षे पुन्हा पाहावी लागतील. हिंदुस्थान एरॉनॉटिक्सने दुसऱ्या समांतर धावपट्टीची योजना २०२५ मध्ये पुढे आणली, ती या दृष्टीने अधिक मोलाची आहे. तेजसच्या चाचण्या वाढत जातील, तशी एकाच धावपट्टीवर लष्करी आणि नागरी उड्डाणांची ओढाताण होणार. दुसरी धावपट्टी झाल्यास प्रवासी विमानांना सकाळ-संध्याकाळच्या सोयीच्या वेळा मिळण्यातला एक अडसर दूर होईल.

मग मागायचे काय? पहिली गोष्ट, मुंबईच्या विमानासाठी आग्रह आणि अनुदान, दोन्ही थांबावेत. त्याऐवजी मुंबईसाठी सकाळी लवकर नाशिकहून सुटणारी आणि संध्याकाळी परतणारी वंदे भारतच्या वेगाची गाडी मागावी. पंचवटीच्या पन्नास वर्षांच्या गर्दीने त्या मागणीचा पुरावा आधीच दिला आहे. दुसरी गोष्ट, ओझरहून नवनव्या शहरांची नावे यादीत वाढवण्यापेक्षा दिल्ली, बंगळूर आणि हैदराबाद या तीन शहरांना सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असे रोज दोन वेळा विमान मिळावे. राज्य शासनाला सवलत द्यायचीच असेल, तर ती नव्या मार्गाच्या उद्घाटनाला न देता या फेऱ्यांच्या सातत्याला द्यावी.

तिसरी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच बहुधा सर्वाधिक दुर्लक्षित. घर ते ओझर हा पाऊण तास आणि विमानतळावरचा सव्वा तास आपल्या हातातले आहेत. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, द्वारका अशा थांब्यांवरून विमानांच्या वेळेशी काटेकोर जुळवलेली बससेवा, दहाव्या मैलापासून प्रवासी इमारतीपर्यंत सुरळीत रस्ता आणि सुरक्षा तपासणीची पुरेशी यंत्रणा एवढ्याने अर्धा तास सहज वाचेल. आकाशात अर्धा तास वाचवायचा तर नवे विमान लागते. जमिनीवर तो वाचवायला महापालिका, महामार्ग प्राधिकरण आणि विमानतळ यांची एक बैठक पुरेल.

बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलाकडे निघालेल्या इंदिरानगरातील आजी-आजोबांना ओझर ते बंगळूर ८६५ किलोमीटर आहे की ८७०, याच्याशी कर्तव्य नसते. सकाळचा चहा घरी घेऊन निघालो तर दुपारचे जेवण नातवंडांबरोबर होईल काय, एवढेच त्यांना विचारायचे असते. ओझरहून ते शक्य आहे, मुंबईमार्गे नाही. सिंहस्थाच्या निधीतून आणि नंतरच्या वर्षांत ओझरवर जे काही खर्च होईल, त्यातला प्रत्येक रुपया याच प्रश्नाच्या उत्तरासाठी लागला पाहिजे. तसे झाले नाही, तर नवी इमारत, नवी धावपट्टी आणि जुनीच प्रतीक्षा, एवढेच नाशिकच्या पदरी पडेल.